‘जीव्ज अँड वूस्टर’च्या मागची पंच्याहत्तर वर्षं

२२ एप्रिल १९९० रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ‘जीव्ज अँड वूस्टर’ या मालिकेचा पहिला भाग लागला. रात्रीच्या दंग्यापायी कोर्टाची पायरी चढून आलेला बर्टी वूस्टर घरी डोकं धरून पडलाय आणि दारात एक शांत, नीटनेटका माणूस उभा राहतो, जीव्ज. आत जाऊन काहीतरी कालवतो, पेला पुढे करतो. पेला रिकामा झाला की बर्टी त्याला तिथल्या तिथे कामावर ठेवून घेतो. ही भेट इंग्रजी विनोदी लेखक पी. जी. वुडहाऊस यांनी १९१६ सालीच लिहून ठेवली होती. त्याआधीच्या पहिल्या कथेपासून मोजलं तर या जोडगोळीला पडद्यावर आपलं खरं घर मिळायला ७५ वर्षं लागली.

जीव्जला अनेकजण बटलर म्हणतात, पण तो व्हॅले आहे. बटलर घराचा असतो, व्हॅले एका माणसाचा. मालकाचे कपडे, प्रवास, सकाळचा चहा आणि त्याची गुपितं, सगळं व्हॅलेच्या ताब्यात. इंग्लंडात पुरुष नोकर ठेवणं ही चैनच मानली जाई. अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च भागवायला १७७७ साली पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी पुरुष नोकरांवर माणशी एक गिनी कर बसवला, तो १९३७ पर्यंत चालू होता. काहीही कामधंदा नसलेला पंचविशीतला तरुण असा माणूस पदरी बाळगतो, एवढ्यावरूनच त्याची ऐपत कळते. गंमत अशी की त्याला पोशाखाची निवड मात्र स्वतःला करता येत नाही.

हुशार नोकर आणि भोळा मालक ही जोडी रोमन नाटककार प्लॉटसइतकी जुनी आहे. आपल्या संस्कृत नाटकात उलट रचना दिसते, तिथे हसू येतं ते राजाच्या सोबत्याचं, विदूषकाचं. वुडहाऊस यांनी प्लॉटसचा धागा उचलला, पण पहिल्या खेपेला त्यांनाही हातात काय आलंय हे कळलं नसावं. सप्टेंबर १९१५ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकात आलेल्या त्या कथेत जीव्ज जेमतेम दोन वाक्यं बोलतो. पाहुणी आल्याची वर्दी देतो आणि कोणता सूट घालणार ते विचारतो. मालकाचं कोडं सोडवणारा जीव्ज पुढच्या वर्षीच्या कथांत उभा राहिला.

त्याच्या नावाची गोष्ट मला फार जवळची वाटते. पर्सी जीव्ज हा वॉरिकशायरचा अष्टपैलू क्रिकेटपटू. १९१३ साली चेल्टनहॅमच्या मैदानावर वुडहाऊस यांनी त्याला खेळताना पाहिलं आणि नाव मनात राहिलं. ५० प्रथम श्रेणी सामने आणि १९९ बळी, एवढ्यावर त्याची कारकीर्द थांबली. जुलै १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत तो मारला गेला. जीव्जच्या कथा तेव्हा नुकत्या बाळसं धरत होत्या. त्या कथांत महायुद्धाची सावलीसुद्धा पडत नाही, पण प्रत्येक पानावर नाव आहे ते त्या युद्धात गेलेल्या मुलाचं.

राजकारण मात्र आत शिरलं. १९३८ च्या कादंबरीत रॉडरिक स्पोड येतो. ब्रिटनमधल्या ऑस्वल्ड मोझली यांच्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांची ही उघड टर होती. शर्ट संपले म्हणून स्पोडची माणसं काळ्या चड्ड्या घालतात. हे लिहिणाऱ्या माणसाला १९४० मध्ये जर्मनांनी फ्रान्समध्ये पकडलं, नजरकैदेत ठेवलं. सुटल्यावर १९४१ मध्ये त्यांनी बर्लिनहून अमेरिकेसाठी रेडिओवर पाच हलकीफुलकी भाषणं केली. ती चूक होती, आणि मायदेशाने ती सहज माफ केली नाही. खटला झाला नाही, पण वुडहाऊस पुन्हा कधी इंग्लंडला परतले नाहीत. १९७५ च्या आरंभी ‘सर’ किताब मिळाला आणि फेब्रुवारीत ते अमेरिकेतच वारले.

पडद्यावरची वाट त्याहून खडतर. १९३६ च्या हॉलिवूडपटात डेव्हिड निव्हन बर्टी झाले, पुढच्याच वर्षीच्या चित्रपटात बर्टीला काढूनच टाकलं! १९६५ मध्ये बीबीसीने इयन कारमायकल आणि डेनिस प्राइस यांना घेऊन मालिका केली. ती गाजली, पण कारमायकल पंचेचाळिशीला टेकले होते. त्या मालिकेचे बहुतेक भाग आज उरलेले नाहीत. १९७५ चं संगीत नाटक साधारण महिन्याभरात उतरलं.

अडचण एकच होती. कथा सांगतो बर्टी, आणि सगळा विनोद त्याच्या सांगण्यात असतो. कॅमेरा आला की निवेदक गप्प होतो आणि उरतो निव्वळ गोंधळ. १९९० च्या मालिकेत जीव्ज झालेले स्टीफन फ्राय आणि बर्टी झालेले ह्यू लॉरी यांनाही याच भीतीने आधी नको म्हणावंसं वाटलं होतं. फ्राय शाळकरी वयात वुडहाऊस यांना पत्र पाठवून सहीचा फोटो मिळवणारे भक्त, म्हणून भीती जास्त.

क्लाइव्ह एक्स्टन यांनी २३ च्या २३ भाग लिहिले आणि बर्टीची भाषा संवादांत पेरली. बाकीचं लॉरींच्या चेहऱ्याने सांभाळलं. त्यांचा बर्टी मूर्ख नाही, मनाने मोठा आहे. मित्र अडकला की तो आपलं नाव, मान, कधी लग्नसुद्धा पणाला लावतो. मूळ कथांचा काळ सत्तरच्या दशकापर्यंत सरकत गेला होता, शेवटच्या कादंबरीत बर्टी निदर्शकांच्या मोर्चात अडकतो. मालिकेने सगळं दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आणून बसवलं, संगीतकार ॲन डडली यांच्या जॅझसकट. इंग्लंडातला हायक्लेअर कॅसल कथांमधला टॉटली टॉवर्स हा वाडा झाला. डालिया आत्या (हो, आत्याच, बर्टीच्या वडिलांची बहीण) मालिकेच्या चार पर्वांत चार वेगवेगळ्या अभिनेत्रींनी केली, हे मात्र मला अजूनही खटकतं.

आणि पियानो. लॉरी खरोखर वाजवतात, त्यामुळे निवेदनाच्या जागी बर्टीचं गाणं आलं. अमेरिकन जॅझ गायक कॅब कॅलोवे यांचं १९३१ सालचं गाणं तो जीव्जला म्हणायला लावतो. जीव्ज प्रत्येक निरर्थक ओळ नीट परत म्हणतो आणि शेवटी न चुकता ‘सर’ जोडतो.