स्मॉग चेकच्या आदल्या दिवशी कोड पुसून काही होत नाही, ते का

कॅलिफोर्नियात गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण तोंडावर आले, स्मॉग चेक, म्हणजे गाडीच्या धुराची सक्तीची तपासणी, करून आणायचे आहे, आणि नेमका तेव्हाच डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, की बहुतेकांना एकच उपाय सुचतो. स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसायचा, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर थोडा वेळ काढून ठेवायची. दिवा विझतो, पण गाडी चाचणीत अडकतेच. ही अडवणूक नियम करणाऱ्यांनी विचारपूर्वक घातलेली आहे. तिचे मूळ लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे.

जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर डोळे झोंबणारा असा थर उतरला, की युद्धाच्या त्या दिवसांत अनेकांना जपानने विषारी वायू सोडल्याची शंका आली. मग संशय कृत्रिम रबराचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद ठेवूनही धुरके हटले नाही. खरे कारण शोधले कॅलटेकमधले डच जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी. अननसाच्या स्वादातले घटक वेगळे करण्याचे काम ते करत होते. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले, की न जळलेल्या इंधनातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. म्हणजे बोट थेट मोटारींकडे वळले. १९६६ पासून राज्याने नव्या गाड्यांच्या धुरावर मर्यादा घातली, १९६७ मध्ये एअर रिसोर्सेस बोर्ड हे राज्याचे हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच होते.

१९७० च्या केंद्रीय कायद्याने प्रदूषण ९० टक्क्यांनी घटवायला सांगितले आणि १९७५ च्या मॉडेलपासून धुरातले विषारी वायू निवळणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास आले. पुढचा थ्री-वे कन्व्हर्टर मात्र फार नाजूक निघाला. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या अगदी जवळ राहिले तरच तो कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही प्रदूषकांवर काम करतो. कार्ब्युरेटरच्या स्क्रूने हे साधणारे नव्हते. त्यासाठी ऑक्सिजन सेन्सर आला, त्याचे ऐकून मिश्रण बदलणारा संगणक आला, आणि संगणक चुकतोय हे कळवायला दिवा आला. जनरल मोटर्सच्या १९८१ च्या गाड्यांत डॅशखालच्या जोडणीची दोन टोके वायरने जोडून किल्ली फिरवली, की हाच दिवा लुकलुकून कोड सांगायचा: एकदा, थोडे थांबून दोनदा, म्हणजे १२.

१९८४ मध्ये दर दोन वर्षांनी स्मॉग चेक सुरू झाले, पण त्यात एक मोठी फट होती. पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बिघडलेली गाडी दोन वर्षे तशीच फिरू शके. म्हणून १९८८ पासून गाडीने स्वतःलाच तपासावे असा नियम आला. ती पहिली ओबीडी, म्हणजे गाडीतच बसवलेली स्वतपासणीची यंत्रणा, तोकडी होती: प्रत्येक कंपनीचा सॉकेट वेगळा, कोड वेगळे, आणि थकलेला कन्व्हर्टर तिला कळतच नसे. १९९४ पासून टप्प्याटप्प्याने आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांत ओबीडी-२ आली. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट, सर्वांचे कोड सारखे, आणि बहुतेक बिघाडांसाठी प्रदूषण मर्यादेच्या साधारण दीडपट जाण्याआधी दिवा लागलाच पाहिजे ही अट. हा दिवा इंजिनाच्या तब्येतीसाठी असतो असा समज आहे. तो मुळात धुराचा पहारेकरी आहे. तो स्थिर न राहता लुकलुकू लागला तर इंजिन मिसिंग करते आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टर जाळते आहे. तेव्हा लगेच ॲक्सिलरेटर सोडावा.

कोड पुसला की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि प्रत्येक मॉनिटर, म्हणजे अशी एकेक चाचणी, ‘अपूर्ण’ दाखवू लागतो. २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांची धुराड्यातली तपासणी मार्च २०१५ पासून बंद होऊन परीक्षा सॉकेटवरच होऊ लागली. या गाड्यांत फक्त टाकीतल्या इंधनवाफेची गळती पाहणारा मॉनिटर अपूर्ण चालतो, बाकी सगळे पूर्ण लागतात. मग काहीजण मॉनिटर पूर्ण होतात आणि दिवा पुन्हा लागतो यांमधला थोडका अवधी साधू लागले. त्यावर जुलै २०१९ पासून २०१० आणि नंतरच्या गाड्यांत कायमस्वरूपी कोड पाहिले जातात. ते स्कॅनरने जात नाहीत, बॅटरी काढूनही नाहीत. दुरुस्तीची खात्री पटल्यावर संगणकच ते काढतो. मात्र कोड पुसल्यानंतर इंजिन १५ वेळा थंडपासून गरम झाले असेल आणि गाडी २०० मैल चालली असेल, तर त्यांच्याकडे दुर्लक्ष केले जाते.

पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेल्यांचा गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या धुराची घनता पाहतात. दिवा लागलेला असूनही आकडे मर्यादेत बसू शकतात. कॅलिफोर्नियात लागलेला दिवा म्हणजे नापास. किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी तो क्षणभर लागलाच नाही, तरीही नापास. बल्ब काढून ठेवण्याची युक्ती त्यामुळे चालत नाही.

म्हणून पुसण्याआधी कोड लिहून ठेवा. पी०४५५ किंवा पी०४५७ हा इंधनवाफेच्या गळतीचा कोड असेल तर पेट्रोलच्या टाकीचे झाकण आणि त्याचे रबर पाहा. झाकण घट्ट केल्यावरही दिवा जायला काही दिवस लागतात. पी०४२० हा कन्व्हर्टर थकल्याचा कोड दिसला म्हणून लगेच कन्व्हर्टर मागवू नका. आधी एक्झॉस्टची गळती, मिसिंग आणि ऑइल जळणे तपासा, नाहीतर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो. बदलायचाच ठरला तर एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक कोरलेला आणि तुमच्याच मॉडेलसाठी असलेला घ्या. दुरुस्तीनंतर टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा, कारण काठोकाठ भरलेल्या किंवा तळाला गेलेल्या टाकीत वाफेची चाचणी सुरूच होत नाही. गाडी रात्रभर, किमान आठ तास, उभी ठेवा. सकाळी दोन-तीन मिनिटे आयडलवर, मग हायवेवर ताशी ५५ मैलांच्या आसपास दहा मिनिटे एकसारखी, नंतर ब्रेक न लावता वेग उतरू द्या, आणि थोडे शहरात थांबत-थांबत चालवा. नेमका क्रम कंपनीनुसार बदलतो. काही दिवस असे चालवून साध्या स्कॅनरवर सगळे मॉनिटर पूर्ण दिसले, की मगच चाचणीची वेळ घ्या.