वाहनातील जादा अंतर्गत दिवे

कारखान्यातून बाहेर पडलेल्या वाहनाच्या आत मालकाने किंवा कारागिराने नंतर बसवलेले दिवे आणि त्यांच्यासाठी केलेली वायरिंग. पायांजवळची जागा, डिकी, दारांचे कप्पे, डॅशबोर्डखालची कड आणि मागच्या आसनांवरचे छत या जागा त्यासाठी बहुधा निवडल्या जातात. दिवा चिकटवणे हा यातला सोपा भाग. त्याला वीज कुठून घ्यायची आणि तो केव्हा लागावा, केव्हा विझावा हे गाडीला कसे कळवायचे, यात खरे कसब लागते.

जुन्या मोटारींत दाराच्या चौकटीत स्प्रिंगचे एक बटण असे. छताच्या दिव्याला बॅटरीची धन वायर कायम जोडलेली असे. दार उघडले की बटण बाहेर येई, दिव्याची दुसरी वायर गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला टेके आणि दिवा लागे. अशा गाडीत जादा दिवा लावायचा तर त्या दोन वायरींना दोन वायरी जोडल्या की काम संपले. अनेक कारागीर हीच रीत आजही नव्या गाडीवर चालवतात आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते.

नव्या मोटारीत दार उघडल्याची खबर दाराच्या कुलपातला छोटा स्विच देतो आणि ती जाते बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम या नियंत्रकाकडे. काचा, वायपर, सेंट्रल लॉक आणि दिवे याच्याच ताब्यात असतात. इतर नियंत्रकांशी तो कॅन बसवरून बोलतो. संदेशांची ही व्यवस्था बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. आरसे, दारांवरची बटणे, छताचा कन्सोल अशा किरकोळ कामांसाठी लिन हा एका वायरीचा स्वस्त मार्ग वापरतात. दिवा लावायचा की नाही हे बीसीएम ठरवतो आणि आपल्या आतल्या मॉस्फेटमधून, म्हणजे हलणारा भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, वीज सोडतो. दार लावल्यावर दिवा हळूहळू मंद होत जातो तेव्हा व्होल्टेज उतरत नसते. बीसीएम तीच वीज सेकंदाला शंभराहून अधिक वेळा चालू-बंद करत असतो आणि चालू राहण्याचा वाटा घटवत नेतो. डोळ्याला ते मंद होणे वाटते. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात.

जादा दिव्यांच्या कामात या पद्धतीचा पहिला बळी रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने संपर्कबिंदू जोडणारा स्विच, ठरतो. छताच्या दिव्याच्या वायरीवरून रिले चालवायचा आणि रिलेतून एलईडीच्या पट्ट्या पेटवायच्या, ही कल्पना कागदावर नीट दिसते. पण दिवा मंद होऊ लागला की रिलेच्या कॉइलला तुकड्या-तुकड्यांनी वीज मिळते, तो टकटक करू लागतो आणि त्याचे संपर्कबिंदू जळतात. शिवाय साध्या मोटार-रिलेची कॉइल सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि बंद होताना उलट्या दिशेने व्होल्टेजचा झटका देते. तो झटका जिरवायला कॉइलवर डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, नसेल तर भार बीसीएमच्या मॉस्फेटवर पडतो. बीसीएम बदलायचा म्हणजे नुसता भाग बदलून भागत नाही, तो त्या गाडीशी सॉफ्टवेअरने जुळवावा लागतो. चार दिव्यांसाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण तपासणीची. अनेक बीसीएम आपल्या प्रत्येक दिव्याचा प्रवाह मोजतात. जास्त वाटला तर ती वाट बंद करतात, कमी वाटला तर दिवा उडाला असे समजतात. बल्ब शाबूत आहे का हे पाहायला काही गाड्या दिवा बंद असतानाही अगदी क्षणभराचे स्पंद पाठवतात. जुन्या फिलामेंटला ते जाणवत नसत. एलईडी मात्र तेवढ्यावर लुकलुकतो किंवा रात्रभर फिकट तेवत राहतो. बाजारात त्यावर उपाय म्हणून समांतर रोधक (रेझिस्टर) जोडलेले दिवे मिळतात. रोधक तेवढीच वीज उष्णतेत घालवतो आणि प्लास्टिकच्या बंदिस्त घरात ती उष्णता साठते. त्यापेक्षा चांगले चालक-सर्किट, म्हणजे प्रवाह स्थिर ठेवणारे सर्किट, असलेला एलईडी घ्यावा, किंवा गाडीच्या सेटिंगमध्ये दिव्याचा प्रकार बदलता येत असेल तर तो बदलावा.

वीज घेण्याच्या वाटा : सर्वांत साधी वाट म्हणजे असलेल्या दिव्याच्या वायरीवरच समांतर जोड. मूळ बल्ब ५ किंवा १० वॅटचा असेल आणि त्याजागी एक-दोन वॅटचा एलईडी घातला, तर वाचलेल्या वॅटांत पायांजवळचे दोन लहान दिवे सहज बसतात. बीसीएमच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. मंद होणे, वेळेवर विझणे हे सगळे आपोआप मिळते. मूळ दिवा कारखान्यातूनच एलईडी असेल तर मात्र त्या वायरीवर जादा भार टाकण्याइतकी मोकळीक नसते.

भार मोठा असेल तर वीज वेगळ्या फ्यूजमधून घ्यायची आणि दिव्याच्या वायरीवरून फक्त इशारा घ्यायचा. इशाऱ्यावर चालणारा लहान मॉस्फेट-स्विच काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त मागत नाही आणि पीडब्ल्यूएमही जसेच्या तसे पुढे पाठवतो. मूळ दिवा धन वायरीतून नियंत्रित होतो की अर्थच्या बाजूने, हे आधी मल्टिमीटरने पाहावे लागते. स्विचची जोडणी त्यावर ठरते. बल्बवाला टेस्ट-लॅम्प इथे वापरू नये, कारण तो स्वतःच प्रवाह ओढतो आणि नाजूक वायरीवर नको तो भार टाकतो.

फ्यूजच्या पेटीतून वीज घेण्यासाठी फ्यूज टॅप मिळतो. त्यात मूळ फ्यूज आणि नव्या दिव्यांचा फ्यूज असे दोन खण असतात. नव्या गाड्यांत मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो-२ असे निरनिराळ्या मापांचे फ्यूज एकाच पेटीत असतात. ‘जवळपास बसतो’ म्हणून दाबलेला टॅप खाचेच्या पट्ट्या फाकवतो आणि पुढे मूळ फ्यूजही सैल बसतो. टॅपची दिशाही पाहावी लागते. फ्यूज काढून खाचेतली कुठली बाजू जिवंत राहते ते मीटरने बघायचे आणि टॅपचा दोन्ही फ्यूजना सामाईक असलेला पाय त्या बाजूला घालायचा. उलटा बसला तरी दिवे लागतातच. फरक एवढाच की त्यांचा प्रवाह मूळ फ्यूजमधूनही जाऊ लागतो. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिन-नियंत्रकाचे फ्यूज या कामाला वर्ज्य. सॉकेट किंवा मागच्या वायपरसारख्या ज्या सोयीवाचून गाडी चालते तिचा फ्यूज बरा.

अर्थची वायर सांगाड्याच्या मूळ अर्थ-बोल्टला जोडावी. ट्रिमच्या, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, रंगवलेल्या स्क्रूखाली ती नीट टेकत नाही. सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला नेली तर आणखी एक घोटाळा होतो. अनेक गाड्यांत त्या टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. सेन्सरच्या आत, थेट बॅटरीच्या खांबाला जोडलेल्या वायरीतून जाणारा प्रवाह त्याच्या हिशेबात येत नाही. मग बॅटरी किती भरली आहे याचा गाडीचा अंदाज चुकत जातो.

या कामात वायर तापण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तांब्याच्या ०.५ चौ.मिमी. वायरीची जाऊन-येऊन १० मी. लांबी धरली तर रोध सुमारे ०.३५ ओहम भरतो. म्हणजे १ अँपिअरला ०.३५ व्होल्टची घट. नव्या शाखेला ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ अँपिअरचा फिकट तपकिरी फ्यूज पुष्कळ झाला. बिघाड होतो तो जोडांवर. वायर न सोलता दाबून बसवायचे निळे-लाल चिमटे काम झटपट करतात, पण बारीक वायरीच्या काही तारा कापतात आणि गाडीच्या कंपनाने उरलेल्याही सैल होतात. क्रिंप केलेला, म्हणजे धातूची टोपी पकडीने आवळलेला, किंवा डाग देऊन उष्णतेने आवळणारी नळी चढवलेला जोड टिकतो. काळी पीव्हीसी टेप उन्हात तापलेल्या गाडीत चिकट लगदा होऊन सुटते. हार्नेसची, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याची, कापडी टेप वापरावी, तिने वायर खडखडतही नाही. दारात दिवा न्यायचा असेल तर वायर दार आणि सांगाडा यांच्यामधल्या रबरी नळीतूनच गेली पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, पण बाहेरून नेलेली वायर दार लावताना चिरडते.

दिव्यांची निवड : तयार बल्बच्या जागी घालायचे एलईडी बहुधा दोन आकारांत येतात : दोन्ही टोकांना टोप्या असलेला नळीसारखा फेस्टून (३१, ३६, ३९, ४१ मिमी. लांबीचा) आणि काचेच्या पाचरीसारख्या बुडाचा टी-१०. नव्या जागांसाठी चिकटपट्टीवरचे एलईडी वापरतात. ‘१२ व्होल्ट’ असे लिहिलेली स्वस्त पट्टी घराच्या स्थिर १२ व्होल्टसाठी केलेली असते आणि गाडीत १२ व्होल्ट फारसे कधी नसतातच. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, अल्टरनेटर फिरू लागला की १४.४ पर्यंत जाते. पट्टीत तीन पांढरे एलईडी एका रोधकासह माळेत असतात. प्रत्येक एलईडीवर ३.१ व्होल्ट धरले तर १२ व्होल्टला रोधकाच्या वाट्याला २.७ व्होल्ट येतात. १५० ओहमच्या रोधकातून १८ मिलिअँपिअर जातात. १४.४ व्होल्टला एलईडीवरचे व्होल्टेज थोडे वाढून रोधकावर साडेचार व्होल्ट उरले, तरी प्रवाह ३० मिलिअँपिअर होतो. म्हणजे व्होल्टेज एक पंचमांशाने वाढले आणि प्रवाह दीडपटीच्या वर गेला. रोधकातली उष्णता तर जवळपास पावणेतीनपट. अशी पट्टी दुकानात झकास दिसते आणि गाडीत पिवळी पडून एकेका तुकड्याने मरते. त्यामुळे प्रवाह स्थिर ठेवणारे चालक-सर्किट असलेले दिवे घ्यावेत, नाहीतर आधी व्होल्टेज नियंत्रक लावावा.

एक मीटर लांबीत ६० एलईडी असलेली ५०५० प्रकारची (५ × ५ मिमी.च्या एलईडींची) पट्टी तेवढ्या लांबीला सुमारे १४ वॅट घेते. पायांजवळ एवढ्या उजेडाचे काम नाही. तिथे हाताएवढा तुकडासुद्धा मंद करूनच लावावा लागतो. पट्टी उघडी दिसण्यापेक्षा कडेमागे लपवून फक्त तिचा उजेड खाली पडू द्यावा. रंग बदलणाऱ्या पट्ट्यांचे स्वस्त नियंत्रक रेडिओत खरखर आणतात, कधी रिमोट किल्लीची पोहोच कमी करतात. वाहनातल्या विद्युत उपकरणांच्या अशा ढवळाढवळीसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. १० आहे, त्यानुसार मान्यता मिळालेले उपकरण घेतले तर ही कटकट टळते.

रात्रीची दृष्टी : चालकाच्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोडायला काही सेकंद पुरतात. डोळ्यातल्या, अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींची संवेदनशीलता सुमारे ५०७ नॅनोमीटरला, म्हणजे निळसर हिरव्या रंगाला सर्वाधिक असते; गडद लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून निळे आणि थंड पांढरे दिवे चालकाला सर्वांत जास्त बाधतात, आणि हौशी कामात मागणी नेमकी त्यांनाच असते. लाल उजेड सवय मोडत नाही, पण त्यात कागदावरची लाल रेघ नाहीशी होते. मंद अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी, ही मधली आणि माझ्या मते सर्वांत शहाणी निवड. रंगाइतकीच जागाही महत्त्वाची आहे. तिरक्या पुढच्या काचेत डॅशबोर्डवरचा प्रत्येक उजळ ठिपका प्रतिबिंबित होतो, म्हणून दिव्याचे तोंड चालकाच्या गुडघ्याच्या वर येता कामा नये. पोलीस किंवा रुग्णवाहिकेचा भास होईल असे लाल-निळे लुकलुकते दिवे बाहेरून दिसले तर अनेक देशांत कारवाई होते.

एअरबॅग : छताच्या कडेला आणि छत पेलणाऱ्या खांबांच्या ट्रिमखाली पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. तिच्यावरून किंवा समोरून वायर, पट्टी, चिकटपट्टी काहीही जाता कामा नये; ती उघडताना वाटेत आलेली वस्तू तिला अडवते किंवा माणसाच्या अंगावर फेकली जाते. खांबातून वायर न्यावीच लागली तर ती एअरबॅगच्या मागून, मूळ हार्नेसला बांधून न्यावी. पिवळे कनेक्टर या प्रणालीचे असतात. त्यांना मीटर लावू नये. मीटरचा लहानसा प्रवाहही तिथे धोक्याचा असतो. ट्रिम काढण्याआधी बॅटरी सुटी करून थांबायचे असते, किती वेळ ते त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेले असते. विजेवर चालणाऱ्या गाडीत जाड नारिंगी केबल दिसल्या की हात मागे घ्यावा. दिव्यांची वीज तिथेही १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरूनच घ्यायची असते.

डिकीसाठी वायरच न ओढता हालचाल ओळखणारा, पुन्हा चार्ज होणारा दिवा चुंबकाने चिकटवणे हा पर्याय कारागीर सहसा सुचवत नाहीत. अनेकांची गरज त्याने भागते.

बॅटरी उतरणे : उभी गाडी काही मिनिटांनी झोपी जाते आणि मग तिचा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअरवर येतो. दार उघडे राहिले तरी बीसीएम काही वेळाने आतले दिवे तोडतो. वेगळ्या फ्यूजवरून आणलेल्या दिव्यांच्या नियंत्रकाला हे संरक्षण मिळत नाही. तो ब्लूटूथची वाट पाहत १०० मिलिअँपिअर घेत राहिला तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी बारा-तेरा दिवसांत निम्मी होते. तपासायचे तर दार उघडे ठेवून कुलपाची कडी स्क्रू-ड्रायव्हरने मिटवावी, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखे वाटते. किल्ली दूर ठेवावी, ऋण वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत जोडून अर्धा तास आकडा पाहावा. मीटर जोडलेला असताना इग्निशन चालू केले तर मीटरचा फ्यूज उडतो. आकडा खाली येत नसेल तर आधी नवा फ्यूज टॅप उपसून बघावा.