भिंतीची फट आणि डमरूचा आकार

‘उंदराला हाडंच नसतात, म्हणून तो कुठूनही शिरतो’ हे लहानपणापासून ऐकत आलोय. हाडं असतात, आणि कवटी तर चांगली टणक असते. घरात फिरणाऱ्या लहान उंदराचं डोकं जेमतेम पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतून जातं. डोकं गेलं की बाकीचं अंग तो मागून ओढून नेतो. खरं स्वतःचं अंग चेपणारं जनावर झुरळ. २०१६ साली कौशिक जयराम आणि रॉबर्ट फुल या संशोधकांनी दाखवून दिलं की अमेरिकन झुरळ आपल्या उंचीच्या पाव हिश्शाहून कमी, म्हणजे ३ मिलिमीटरच्या फटीतून सेकंदाच्या आत पार होतं.

मग फट बुजवायची कशी? आमची जुनी भिंत आणि नंतर वाढवलेली खोली जिथे भिडते तिथली उभी फट मी सिमेंटच्या मालाने भरली होती. वर्षभरात मालाच्या कडेने केसाएवढी रेघ उमटली. पुढे एकदा नखाने उचकटून पाहिलं तर वीतभर पट्टी सरळ हातात आली. वीट जशीच्या तशी, माल अखंड, फक्त दोघांचा संबंध तुटलेला.

माल कच्चा नव्हता. भाजलेल्या विटेचं बांधकाम दर अंश सेल्सिअसला साधारण दहा लाखांत ६ भाग लांबतं. १० मीटर भिंत पहाटेच्या गारव्यातून भर उन्हात ३० अंश तापली तर १.८ मिलिमीटर लांबते, गार झाली की तेवढीच आखडते, आणि ही सगळी हालचाल जोडावर येऊन साचते. सिमेंटचा माल दहा हजारांत एक-दोन भाग ताणला तरी तडकतो. आपण तर १० मिलिमीटरच्या फटीला जवळजवळ २ मिलिमीटर ताण सोसायला सांगतोय. म्हणजे २० टक्के! चांगलं लवचिक सीलंट, म्हणजे फटी भरायचा रबरासारखा पदार्थ, २५ टक्क्यांपर्यंत सोसतं.

पण सीलंट नुसतं ठासून भरलं तर तेही फाटतं, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे. रबरासारख्या पदार्थाचा आकार सहज बदलतो, घनफळ मात्र जवळपास बदलत नाही. त्यामुळे आडवं ताणलं की ते मध्ये बारीक व्हायलाच हवं, पुढून आणि मागून आत ओढलं जायला हवं. डमरूसारखं. आता ते दोन्ही विटांना तर चिकटलंच, शिवाय फटीच्या तळालाही चिकटलं, तर मागची बाजू आत येणार कशी? बारीक होण्याची वाट बंद झाली की ताण एकाच दिशेने न राहता तिन्ही दिशांनी येतो. घनफळ वाढवायला नाखूष पदार्थाला घनफळच वाढवायला लावल्यासारखं होतं ते. कोपऱ्यात आधी चीर पडते, मग ती कडेने धावते.

उपाय अगदी साधा. फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवतात, तिला सीलंट चिकटत नाही. वर सीलंट रुंदीच्या निम्म्या जाडीचं. दोन बाजू धरलेल्या, मागची मोकळी.

उंदराला अर्थात फोमची दोरी आणि सीलंट दोन्ही कुरतडता येतं. फुगणारा फोम तर त्याहून सोपा. म्हणून दोरीच्याही मागे स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची जाळी ठासायची. साधा लोखंडी काथ्या गंजून विटेवर तपकिरी ओघळ सोडतो. जाळीऐवजी ‘अल्ट्रासोनिक’ पेटी लावून निर्धास्त होणाऱ्यांना एवढंच सांगतो: २००१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा उपकरणांच्या ६० हून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना, दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, अशी ताकीद दिली होती. दाराला लिंबू-मिरची बांधण्यात निदान वीज तरी लागत नाही.

सगळंच मात्र बुजवू नका. दुहेरी भिंतीच्या तळाशी विटांमध्ये मुद्दाम सोडलेल्या उभ्या मोकळ्या फटी दिसल्या, तर त्या आत शिरलेलं पावसाचं पाणी बाहेर पडण्यासाठी आहेत. तिथे सीलंट नको, फक्त जाळी. आणि पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारी, रुंदावत चाललेली भेग असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. तिथे उंदीर हा दुय्यम प्रश्न आहे.

बुजवण्याच्या आधी फटीत कागदाचा बोळा हलकाच अडकवून ठेवा. दोन-तीन रात्री तो जागचा हलला नाही, तरच सीलंटची नळी कापा. नाहीतर पाहुणा आतच कोंडला जायचा.