गॅस डिटेक्टर वर लावायचा की खाली?

सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला, तरी बऱ्याच घरांत जुना डिटेक्टर ओट्याखालीच राहतो. आम्ही तो बदलायचं म्हटलं की प्रश्न येतो, "दिवा लागतोय ना? मग कशाला?" म्हणून हे पत्रक.

वायूचे रेणू स्वस्थ बसत नाहीत. सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्यूटेनचे रेणू सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटर वेगाने धावतात. तरीही गॅस क्षणात घरभर होत नाही, कारण वाटेत हवेच्या रेणूंची गर्दी. संध्याकाळी दादरच्या पुलावर उलट्या दिशेने निघालेल्या माणसासारखी गत. सेकंदाला अब्जावधी धक्के आणि दर धक्क्याला वेगळीच दिशा. अशा पसरण्याला विसरण म्हणतात (आठवणीशी संबंध नाही). हवा अगदी स्तब्ध असेल, तर नुसत्या विसरणाने मीटरभर जायला कित्येक तास लागतात. फोडणीचा वास मिनिटभरात हॉलमध्ये येतो, तो पंख्याच्या आणि गरम हवेच्या कृपेने.

रात्री खिडक्या बंद, पंखा बंद. अशा वेळी वजन महत्त्वाचं ठरतं. सिलिंडरचा गॅस हवेच्या दीड ते दोनपट जड; तो ओट्यावरून खाली उतरून फरशीलगत साचतो. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेहून बराच हलका. तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडरसाठी डिटेक्टर जमिनीपासून फूटभराच्या आत, पाइपसाठी छताखाली फूटभराच्या आत. काही डिटेक्टर एकाच गॅससाठी बनवलेले असतात, ते नुसते वर सरकवून भागत नाही. मागचं लेबल आम्हाला दाखवा.

एक गैरसमज मात्र नेहमी ऐकतो: "जड गॅस शेवटी खालीच बसणार." एकदा हवेत मिसळलेला गॅस तेल-पाण्यासारखा पुन्हा वेगळा होत नाही. तसं असतं, तर हवेतला जड कार्बन डायऑक्साइड केव्हाच जमिनीवर साचून आपण गुदमरलो असतो. सिलिंडरचा गॅस हवेत २ टक्क्यांच्या आसपास झाला तरी पेट घेऊ शकतो, मग तो कुठल्याही उंचीवर असो.

वास आला तर रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा. कुठलंच बटण चालू करू नका, बंदही करू नका. एक्झॉस्ट फॅनचंसुद्धा नाही, ठिणगी तिथेच पडते. घराबाहेर येऊन मग फोन करा. सिलिंडरसाठी १९०६, पाइपसाठी बिलावरचा आपत्कालीन क्रमांक. आम्हाला नंतर बोलवा.