जुन्या पिकअपच्या हौद्याची दुरुस्ती (बेळगाव सीमाभाग)

हौदा म्हणजे पिकअप गाडीच्या केबिनमागचा माल भरायचा उघडा भाग. तळाचा पत्रा किंवा फळ्या, दोन बाजूच्या भिंती, केबिनलगतची पुढची भिंत, मागचा फाळका आणि खाली चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) टेकणारे आडवे क्रॉस मेंबर, हे सगळं त्यात आलं. जुन्या गाडीत सगळ्यात आधी गंजतो तो हाच भाग, कारण पाऊस, माती आणि माल तिन्ही त्यातच साठतात. या नोंदीत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातल्या जुन्या पिकअपचे गंजलेले हौदे परत उभे कसे करतात ते दिलंय. जुनी म्हणजे किती जुनी हेही एकसारखं नाही, फिवा ही जुन्या गाड्यांची जागतिक संघटना किमान ३० वर्षांची गाडी ऐतिहासिक धरते आणि भारतातला विंटेज नियम ५० वर्षं मागतो.

पहिली पिकअप कुठली यावर एकमत नाही, आणि हा वाद दुरुस्तीच्या कामाला थेट भिडतो म्हणून जरा सविस्तर. साधारण १९१३ च्या सुमारास अमेरिकेत ओहायोतल्या गॅलियन ऑलस्टील बॉडी कंपनीने फोर्ड मॉडेल टीच्या चासीत थोडा बदल करून त्यावर माल भरायचे हौदे बसवायला सुरुवात केली असं बऱ्याच ठिकाणी नोंदवलंय. १९१७ मध्ये फोर्डने एक टनी मॉडेल टीटी काढली पण ती सुरुवातीला नुसती चासी म्हणून विकली जायची, बॉडी ज्याने त्याने आपापल्या सोयीने बांधून घ्यायची. मग १९२५ च्या एप्रिलमध्ये फोर्डने कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी २८१ डॉलरला विकायला काढली, म्हणून कारखान्याचा शिक्का प्रमाण मानणारे इथूनच पिकअपची सुरुवात धरतात, तर बॉडी बांधणाऱ्याचं श्रेय मोजणारे आणखी दहाबारा वर्षं मागे जातात. ऑस्ट्रेलियातली १९३४ ची फोर्ड यूट (पुढून कार आणि मागे हौदा अशी गाडी) हा याच्या बाजूने गेलेला वेगळा धागा आहे. आपल्याकडच्या गाड्या बघितल्या की दुसरं मत जास्त पटतं, कारण इथेही चासी एकाची आणि हौदा दुसऱ्याचा हा प्रकार सर्रास होता.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि गाड्यांची वाटही मुंबईहूनच होती. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९२८ ला सुरू झाला आणि १९५४ ला बंद पडला, फोर्डचाही गाशा त्याच सुमारास गुंडाळला गेला, डॉज आणि फार्गो कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जोडल्या जायच्या, तर महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतली आणि १९६५ च्या आसपास हलक्या मालवाहू गाड्यांत उतरले. मालवाहू गाडी पुष्कळदा नुसती चासी आणि पुढचा दर्शनी भाग एवढीच यायची, केबिन आणि हौदा इथला सुतार आणि लोहार मिळून बांधायचे. त्यामुळे आज एखादी शेवरोले किंवा फार्गो समोर आली की "हिचा मूळ हौदा कुठला" या प्रश्नाचं उत्तर अमेरिकन कॅटलॉगमध्ये मिळेलच असं नाही.

ओळखायची खूण अशी. कारखान्याच्या हौद्यात पत्र्याला दाबयंत्राने काढलेल्या नाळ्या सरळ आणि एका मापाच्या असतात, जोडावर स्पॉट वेल्डचे गोल ठसे ठरावीक अंतराने दिसतात, कडा आत वळवलेल्या असतात. स्थानिक हौद्यात अँगलची चौकट, रिव्हेट नाहीतर गॅस वेल्डिंगची जाड, थोडी वाकडी शिवण, आणि तळाला सागाच्या किंवा ऐनाच्या फळ्या. स्थानिक बनावट दिसली की बरेच हौशी मालक ती काढून इंटरनेटवरच्या फोटोप्रमाणे नवा हौदा करून घेतात, आणि हे चूक आहे असं इथे स्पष्टच लिहायला हवं. ती गाडी रस्त्यावर आली तीच त्या हौद्यासकट, मुंबईहून आलेल्या चासीइतकाच बेळगावात बांधलेला हौदाही मूळच आहे. फिवाची २०१२ ची तुरीन सनदही गाडीने आयुष्यात अंगावर घेतलेल्या बदलांना तिच्या इतिहासाचा भाग मानते. कारखान्याचा हौदा खरंच होता आणि तो मध्येच कधीतरी बदलला असं कागदपत्रं किंवा जुन्या फोटोवरून दिसत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मग काळ बघून चालावं लागतं, उदाहरणार्थ शेवरोलेच्या गुळगुळीत भिंतींचा फ्लीटसाइड हौदा १९५८ चा, त्यामुळे १९४७ ते ५५ च्या ॲडव्हान्स डिझाइन मालिकेवर तो बसवला तर जाणकाराला लगेच खटकतो.

गंज कुठून आला हे गाडीने कुठल्या तालुक्यात काय वाहिलं त्यावर ठरतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळाभर हौदा कोरडाच होत नाही, तिथला गंज सगळीकडे सारखा पसरलेला असतो. चोर्ला घाटाने गोव्याकडून मासळी आणणाऱ्या गाडीत बर्फाचं खारट पाणी तळाच्या जोडांत उतरतं आणि तिथे पत्रा वरून धड दिसत असतानाच आतून खाल्लेला असतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडे पाऊस कमी पण ऊस आणि खत जास्त. पोटॅशच्या खतात (म्युरिएट ऑफ पोटॅश) जवळजवळ निम्मं वजन क्लोराइडचं असतं, पोती फुटून सांडलेलं ते खत हवेतला ओलावा धरून बसतं, आणि काळी माती क्रॉस मेंबरच्या वर चिकटून राहिली की खालचा पत्रा उन्हाळ्यातही ओलाच. क्लोराइडचा गंज सगळ्यात चिवट, गंजाच्या थराखाली मिठाचा अंश उरला तर वरून कितीही भारी प्रायमर मारा, फोड येतातच. म्हणून असा हौदा घासल्यावर भरपूर गोड्या पाण्याने धुवायचा, वाळवायचा, परत धुवायचा, आणि हे कंटाळवाणं वाटलं तरी बाकीचं सगळं काम याच्यावर उभं आहे.

तपासणी हातोडी आणि जुन्या स्क्रू ड्रायव्हरने होते. हौद्याखाली झोपून पुढची भिंत आणि तळ जिथे भेटतात तो कोपरा टोकाने दाबत जायचं. धड पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो आणि स्क्रू ड्रायव्हर आत जातो, त्याबरोबर तपकिरी पापुद्रे एकावर एक असे हातावर पडतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो, म्हणून दोन पत्र्यांच्या मध्ये गंज वाढला की जोड फुगतो आणि स्पॉट वेल्ड उपटतो. जोड फुगलेला दिसला तर आत काहीच उरलेलं नाही असं धरूनच चालावं. फाळक्याचा खालचा दुमड, बिजागरीची जागा आणि मडगार्डचे बोल्ट जिथे भिंतीला बसतात ती जागा, याही पहिल्यांदा बघायच्या.

गंज काढायच्या पद्धतींत मळीची (साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकाची) पद्धत या भागाला खास सोयीची, कारण साखर कारखाने हाकेच्या अंतरावर. एक भाग मळी आणि साधारण नऊदहा भाग पाणी करून त्यात सुटे भाग, म्हणजे फाळका, कड्या, साखळ्या, बिजागऱ्या, दोनतीन आठवडे बुडवून ठेवतात. मळीतली सेंद्रिय द्रव्यं गंजातलं लोह धरून सोडवतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. घाण वास येतो, वर बुरशीची साय धरते, पण कोपऱ्याकोपऱ्यातला गंज असा निघतो की वायर ब्रशने कधी निघाला नसता. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग मात्र यात टाकायचे नाहीत, ते खराब होतात. बाहेर काढल्यावर लगेच धुऊन वाळवून प्रायमर मारायचा, नाहीतर तासाभरात परत तांबूस झाक चढते. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढणारेही आहेत, त्यात दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावायचं, स्टेनलेस लावलं तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

उद्यमबागेत आणि आसपास फाउंड्र्या असल्यामुळे शॉट ब्लास्टिंगचा, म्हणजे लोखंडी छर्र्यांच्या माऱ्याने गंज काढायचा, मोह होतो. ते ओतीव लोखंडाच्या जाड कास्टिंगसाठी असतं. हौद्याचा पत्रा जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटरचा, तो त्या माऱ्यात ताणला जाऊन लाटा धरतो आणि मग कुठलाही मेस्त्री तो सरळ करू शकत नाही. क्रॉस मेंबरला चालेल, तळाच्या आणि भिंतींच्या पत्र्याला हलका सँड ब्लास्टच, तोही कमी दाबाने आणि तिरका.

पत्रा बदलताना जेवढं सडलंय तेवढंच कापायचं, पण धड धातू लागेपर्यंत कापायचं, या दोन गोष्टींमध्ये मेस्त्रीचा हात कळतो. १८ गेजच्या जागी १८ गेजचाच (तेवढ्याच जाडीचा) सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड पत्रा. बरेच जण मजबुतीच्या नावाखाली जाड चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) टाकतात, वजन वाढतं, नाळ्या जातात आणि दोन जाडींच्या जोडावर पातळ पत्रा पुढे चिरतो. पॅच वरून चढवून मारायचा का कडेला कड लावून, यावर गॅरेजागणिक मत वेगळं. वरून चढवलेला पॅच लवकर होतो, बळकटही वाटतो, पण दोन पत्र्यांमध्ये पाणी धरणारी फट तयार होते आणि मुळात गंज सुरू झाला तो अशाच फटीतून, त्यामुळे कडेला कड लावणंच बरं. सीओटू वेल्डिंगने ०.८ मिलिमीटर तारेचे सुटे टाके, एक इथे, एक पार त्या टोकाला, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. एका दमात शिवण ओढली की पत्रा वाकलाच. त्याआधी पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवायची, यात सवलत नाही.

फळ्यांच्या तळाची गोष्ट थोडक्यात. अमेरिकन गाड्यांत पाइन किंवा ओकच्या फळ्या आणि मध्ये लोखंडी पट्ट्या असत, माल पट्ट्यांवरून सरकायचा आणि फळी फुटली तर एकटीच बदलता यायची. इथे साग उत्तम. ऐनात टॅनिन जास्त, ओलं झालं की खिळ्याबोल्टांभोवती काळं पडतं आणि लोखंड खातं, म्हणून ऐन वापरला तर बोल्ट स्टेनलेसचे. फळीला सहा बाजूंनी तेल किंवा वॉर्निश हवं, खालच्या बाजूनेसुद्धा, आणि दोन फळ्यांमध्ये पाणी गळायला जागा.

यानंतर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी. सडलेल्या भोकावर जाळी लावून वरून लांबी थापायची ही पद्धत आजही चालते, रंग मारला की गाडी नवी दिसते आणि दोन पावसाळ्यांत तो तुकडा हातात येतो. लांबी फक्त ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरचा खडबडीतपणा भरायला, तीही एपॉक्सी प्रायमर मारल्यानंतर, कारण लांबी ओलावा शोषते. बाजारातलं साधं रेड ऑक्साइड प्रायमर नुसतं लावून गाडी पावसात उभी करू नये, ते वरचा रंग चढेपर्यंतच्या कामाचं. जुना रंग घासताना पाणी वापरून घासायचा, त्या काळच्या रंगांत शिसं असायचं आणि ती धूळ नाकात जाणं चांगलं नाही. खाली जळकं ऑइल मारायची रीत खानापूरकडे जुनी आहे, चासी त्याने खरंच टिकते, पण रंगवायच्या हौद्याला ते एकदा लागलं की जोडांत शिरून बसतं आणि पुढे कधीही रंग मारताना डाग फुटतात. पोकळ भागात मेणाचं द्रावण फवारणं जास्त चांगलं.

नोंदणीच्या दृष्टीने विंटेज गाड्यांचे २०२१ चे केंद्रीय नियम बघावे लागतात. त्यात गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात फार मोठी उलथापालथ नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि अशी गाडी धंद्याला किंवा रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून कापाकापी सुरू करायच्या आधी हौद्याचे सगळ्या बाजूंनी, खालूनसुद्धा, फोटो काढून ठेवावेत, आणि कापलेले जुने तुकडे, विशेषतः नाळ्यांचे आणि रिव्हेटचे, काम संपेपर्यंत भंगारात घालू नयेत. नवा पत्रा वाकवायला बेंडिंग मशीनवर नेला की माप त्याच तुकड्यांवरून घ्यावं लागतं.