लगूनचा रंग फोटोत हवाय? मग भर दुपारी कॅमेरा काढा

लक्षद्वीपला जहाजाने जाऊन आलेल्या कुणाचेही फोटो बघा, सूर्यास्ताचे ढीगभर असतात आणि ज्यासाठी कोचीहून रात्रभर समुद्रातून गेलो तो लगूनचा, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेल्या उथळ पाण्याचा, निळा-हिरवा रंग मात्र फिकट, मळकट आलेला. दोष मोबाईलचा नसतो, वेळेचा असतो. फोटो सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळीच काढायचे हे आपल्या डोक्यात इतकं फिट्ट बसलंय की दुपारी सगळे कॅमेरे बॅगेत. माणसांच्या फोटोला ते बरोबरच आहे, सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि सगळे आजारी दिसतात. पण लगूनचं गणित उलटं आहे.

तिथली पांढरी वाळू म्हणजे मुख्यतः प्रवाळाचा चुरा. ऊन उथळ पाण्यात शिरतं, पाणी त्यातला लाल भाग शोषून घेतं, उरलेला निळा-हिरवा प्रकाश तळाच्या वाळूवर आपटून परत वर येतो आणि तोच आपल्याला दिसतो. म्हणजे आधी प्रकाश आत तर जायला हवा ना! सूर्य माथ्यावर असताना पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम 2 टक्के प्रकाश परत फेकतो, पण तोच सूर्य क्षितिजापासून 10 अंशांवर आला की एक तृतीयांश प्रकाश वरच्यावर परावर्तित होतो, मग रंग येणार कुठून? प्रवाळाच्या कड्यापलीकडे तर तळच खोल जातो, वाळूवरून परत येणारा प्रकाश नाही, म्हणून तिथे पाणी एकदम गडद निळं.

लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती साधारण मुंबईच्याच रेखांशावर आहे आणि घड्याळही तेच, बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावरून लावलेलं, त्यामुळे सूर्य सगळ्यात वर येतो तो बाराला नाही, साडेबारा ते एकच्या दरम्यान. नेमकी जेवणाची वेळ, काय करणार. जेवण थोडं पुढे ढकला.

एवढं करूनही पाण्यावर चकाकी राहतेच. त्यावर इलाज पोलरायझर फिल्टर. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश एका विशिष्ट कोनात जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात, आणि फिल्टर फिरवला की तेवढाच अडवता येतो. हा कोन पाण्याच्या पातळीपासून सुमारे 37 अंश, त्यामुळे डेकच्या कठड्याशी उभं राहून जरा खाली बघत फोटो घेतला की चकाकी गायब होऊन खालचे प्रवाळ दिसायला लागतात. मोबाईलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवावी, जुगाड आहे पण चालतो.

वाळू राखाडी येते त्याचं कारण वेगळं. कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो, सगळीकडे पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळा करतो. स्क्रीनवर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा, झालं.

आता सगळ्यात जास्त फोटो घालवणारी गोष्ट, केबिनचा एसी. बाहेर 30 अंश आणि हवेत 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो, साधारण 26 अंशांवर असतो, आणि रात्रभर 23 अंशांत पडलेला कॅमेरा डेकवर आणला की काचेवर लगेच बाष्प धरतं. लोक घाईघाईने शर्टाने पुसतात, ते परत येतं, कारण काच अजून गारच असते, शिवाय वाऱ्याबरोबर आलेलं मीठ वर बसलेलं असेल तर घासून ओरखडे पडतात ते वेगळेच. बाहेर पडायच्या अर्धा-पाऊण तास आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा आणि पिशवीसकट बाहेर ठेवा, बाष्प धरलंच तर पिशवीवर धरेल. खिशातला मोबाईल अंगाच्या उबेमुळे बहुतेक वाचतो.

डेकवर कठड्याला कोपर टेकवू नका, इंजिनाची थरथर सरळ हातात येते. रात्री ताऱ्यांसाठी ट्रायपॉड लावणाऱ्यांनी तर जहाजावर नादच सोडावा, ट्रायपॉड जहाजाला धरून स्थिर आणि जहाज ताऱ्यांच्या मानाने डुलतंय, तारे रेघोट्याच येणार. आणि सूर्यास्त काढायचाच असेल तर आधीच जागा धरून बसा, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत संधिप्रकाश आटोपतो, चहा घेऊन येऊ म्हणालात की गेला.