पेन दुसऱ्याला दिलं की निब बिघडते?

शाईपेन दुसऱ्याच्या हाती दिलं की निबेला त्याचं वळण लागतं, असं निपाणी-खानापूरकडं शाळेपासून ऐकत आलोय. चार ओळींनी तसं काही होत नाही. कागदावर घासतो तो चांगल्या निबेच्या टोकाचा बारीक मणी, पोलादापेक्षाही कठीण मिश्रधातूचा. (त्याला इरिडियम म्हणतात, हल्ली त्यात इरिडियम बहुधा नसतंच.) तो झिजायला वर्षं लागतात. निब बिघडते ती दाबानं: बॉलपेनची सवय असलेला रेटून लिहितो, निबेच्या चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती फाकतात, शाई मधेच तुटते.

बेळगावात बँकेत एकानं माझं लेथवर हातानं कातलेलं एबोनाइटचं (म्हणजे कडक रबराचं) पेन मागून घेतलं, निब उलटी धरून सही ठोकली. घरी भिंगातून पाहिलं, मणी जसाच्या तसा. टोपण मात्र त्याच्याच खिशात गेलं.